तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपातला नाताळ पाहायला कधी आणि कुठे यावे?

दरवर्षी गणपती उठले की मला पुण्या-मुंबईहून एकच प्रश्न येऊ लागतो: "डिसेंबरात मुलांना सुट्टी आहे, युरोपातला खरा नाताळ पाहायचा आहे, तर 25 तारखेला कुठे असावे?" गेली अकरा वर्षे मी जर्मनीच्या पूर्वेकडील सॅक्सनी राज्यात, ड्रेस्डेन शहरात राहते, त्यामुळे नातेवाइकांना, मैत्रिणींना आणि त्यांच्या ओळखीच्यांनाही हा प्रश्न मलाच विचारावासा वाटतो. फोनवर दोन वाक्यांत दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे.

माझे उत्तर असे आहे: 25 तारखेसाठी येऊ नका, तिच्या आधीच्या चार आठवड्यांत या, आणि जमले तर मोठी शहरे एक-दोन दिवसांत आटोपून सॅक्सनीच्या दक्षिण सीमेवरच्या, खाणकामगारांनी वसवलेल्या डोंगरी गावांत या.

पहिला भाग मी एका चुकीतून शिकले. माझा मामेभाऊ वहिनीला आणि दोन मुलींना घेऊन 24 डिसेंबरला दुपारी ड्रेस्डेनला पोहोचला. मी कौतुकाने त्यांना थेट बाजाराच्या चौकात नेले, तर तिथे दोनच्या सुमारास बाजार संपलाही होता आणि मुलींच्या देखत माणसे दुकानांवरचे दिवे उतरवत होती. पुढचे दोन दिवस, 25 आणि 26 डिसेंबर, सार्वजनिक सुट्टीचे. किराणा दुकानांसह सारे बंद, रस्त्यांवर शुकशुकाट. इथला मुख्य सोहळा 24 तारखेच्या संध्याकाळी होतो आणि तो घरात होतो: चर्चमधली प्रार्थना, बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज असे अगदी साधे जेवण, मग झाडाखालच्या भेटवस्तू. त्या संध्याकाळी ज्याचे इथे घर नाही, त्याला दिव्यांनी उजळलेल्या खिडक्या बाहेरूनच पाहाव्या लागतात. तिकिटे काढण्यापूर्वी मी भावाला तारीख विचारायला हवी होती, याची रुखरुख मला अजून आहे.

इथल्या लोकांच्या दृष्टीने सण सुरू होतो तो 25 डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान केव्हाही येतो आणि तिथून पुढच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. आपल्याकडचे वसईचे ख्रिस्ती बांधवही त्याला हेच नाव देतात. सूचिपर्णी डहाळ्यांच्या गोल कड्यात चार मेणबत्त्या रोवून दर रविवारी एकेक वाढवत लावायची, ही आता घरोघरी दिसणारी पद्धत हॅम्बुर्गमधल्या योहान हिनरिख विखेर्न या धर्मोपदेशकाने 1839 साली सुरू केली. निराधार मुलांसाठी त्याने चालवलेल्या आश्रमात मुले रोज विचारत की नाताळ कधी येणार. त्याने बैलगाडीला शोभावे असे जुने लाकडी चाक घेतले, त्यावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या बसवल्या आणि मुलांना दिवस मोजायला शिकवले. ही वाट पाहण्याची रीतच मला या सणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि म्हणून पाहुण्यांनीही त्याच काळात यावे असा माझा आग्रह असतो.

ड्रेस्डेनचा बाजार पाहायला हवाच. 1434 साली सॅक्सनीच्या शासकाने दिलेल्या परवानगीने तो एका दिवसाचा बाजार म्हणून सुरू झाला. त्याचे नाव श्ट्रीत्सेलमार्क्ट. श्ट्रीत्सेल म्हणजे इथला नाताळचा लांबट गोड पाव, ज्याला सर्वत्र श्टोलेन म्हणतात. पिठीसाखरेने पांढराशुभ्र केलेला हा पाव म्हणजे दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू, असे लोक मानतात. मात्र मध्ययुगात आगमनकाळ हा उपवासाचा काळ होता, लोणी आणि दूध वर्ज्य होते, त्यामुळे पीठ, पाणी आणि तेल यांचाच हा पाव अगदी बेचव होत असे. सॅक्सनीच्या शासकांनी रोमकडे वारंवार अर्ज केले आणि अखेर 1491 साली पोप आठवा इनोसंट याने लोणी वापरण्याची मुभा देणारे पत्र पाठवले. ही मुभा फुकट नव्हती. तिच्यासाठी पैसे मोजावे लागत आणि त्यातून फ्रायबेर्गच्या भव्य चर्चच्या बांधकामाला हातभार लागला. आज ड्रेस्डेनचा श्टोलेन हे नाव कायद्याने संरक्षित आहे आणि त्यात पिठाच्या वजनाच्या निदान निम्मे लोणी असलेच पाहिजे असा नियम आहे. माझ्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजी श्टोलेन भाजून झाल्यावर तो काही आठवडे थंड जागी मुरू देतात आणि पहिल्या रविवारच्या आधी कुणी सुरी लावू पाहिली तर रागावतात.

आता डोंगरांकडे वळते. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरच्या या रांगेचे नाव एर्त्सगेबिर्ग, म्हणजे धातुकांचे डोंगर. 1168 साली फ्रायबेर्गजवळ चांदी सापडली आणि पुढची कित्येक शतके इथली माणसे चांदी, कथील आणि इतर धातूंसाठी जमिनीखाली राबली. डिसेंबरात इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. खाणकामगार काळोखात आत उतरत, काळोखातच बाहेर येत, आणि आठवड्याचे सहा दिवस त्यांना ऊन दिसत नसे. इथल्या नाताळात दिव्यांना एवढे महत्त्व का, हे त्यावरून समजते. प्रत्येक खिडकीत मेणबत्त्यांची एक कमान असते, तिला श्विबबोगेन म्हणतात. सर्वांत जुनी ज्ञात कमान योहानगेओर्गेनश्टाट या गावातली, 1740 सालची, लोखंडाची आहे. ही कमान म्हणजे खाणीचे तोंड आणि तिच्यावरचे दिवे म्हणजे नाताळपूर्वीच्या शेवटच्या पाळीनंतर कामगारांनी तिथे टांगलेले कंदील, असे इथले लोक सांगतात. खिडकीत कमानीशेजारी घरातल्या प्रत्येक मुलासाठी हातात दिवा घेतलेला एक लाकडी खाणकामगार आणि प्रत्येक मुलीसाठी एक देवदूत ठेवण्याची प्रथा आहे, त्यामुळे रस्त्याने चालता चालता त्या घरात किती मुले आहेत हे कळते.

धातू संपत आले तेव्हा या लोकांनी हातात लाकूड घेतले. झाइफेन हे गाव कथील धुण्याच्या उद्योगावर वसले होते; ते आता कातकाम करणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. जगभर दिसणारा तांबड्या डगल्यातला अक्रोडफोड्या शिपाई आजच्या रूपात 1870च्या सुमारास इथल्याच व्हिल्हेल्म फ्रीडरिख फ्यूख्टनर यांनी घडवला. तुम्ही या गावात एकच गोष्ट पाहणार असाल तर कडे कातण्याचे काम पाहा. कारागीर ओल्या लाकडाची जाड चकती चरकावर चढवतो, पटाशीने तिला खाचा आणि फुगवटे देत एक कडे तयार करतो आणि मग ते कडे केकच्या फोडींसारखे चिरतो; प्रत्येक फोड म्हणजे एक घोडा किंवा हत्ती असतो. कातत असताना त्याला प्राणी दिसत नसतो, आकार केवळ हातात आणि मनात असतो. मी हे सात-आठ वेळा पाहिले आहे, तरी पहिली फोड उघडताना श्वास रोखला जातो. या खेळण्यांमागे हौस नव्हती, पोटापाण्याची निकड होती, आणि सारे घर, मुलांसकट, रंगकामाला बसत असे, हेही तुमच्या मुलांना जरूर सांगा. या डोंगरांतल्या खाणकामाच्या वारशाचा युनेस्कोने 2019 साली जागतिक वारसा यादीत समावेश केला.

मराठी पाहुण्यांना हेर्नहूटचा तारा पाहताच आपला आकाशकंदील आठवतो. ड्रेस्डेनच्या पूर्वेला असलेल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन पंथाचे केंद्र आहे. या पंथाचे धर्मप्रसारक जगभर गेले, 1885 साली त्यांनी लडाखमध्ये लेह येथेही ठाणे उभारले, आणि त्यांची मुले मात्र शिक्षणासाठी इथल्या वसतिगृहांत राहत. एकोणिसाव्या शतकात त्या शाळांमध्ये भूमितीच्या अभ्यासासाठी कागदी तारे करायला सुरुवात झाली आणि आईवडिलांपासून दूर असलेली मुले आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ते टांगू लागली. ताऱ्याला 25 टोके असतात: 17 चौकोनी बैठकीची आणि 8 त्रिकोणी बैठकीची; सव्विसावी जागा टांगण्यासाठी मोकळी सोडलेली असते. मी दिवाळीलाही हाच तारा लावते.

अर्थात सगळा नाताळ जर्मनीतून आलेला नाही. सजवलेल्या झाडाचे जुने वर्णन 1605 सालच्या स्ट्रासबुर्गमधले आहे, तिथे झाडाला कागदी गुलाब आणि सफरचंदे बांधत. पण इटलीत ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ख्रिस्तजन्माचा देखावा उभारला, तो त्याहून कितीतरी आधीचा. आपल्या कोकणपट्टीवरचा सण या दक्षिणेकडच्या परंपरेचा आहे. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. म्हणून वसईच्या किंवा गोव्याच्या कुणी विचारले, आणि त्यांच्या मनात गोठा आणि मध्यरात्रीची मिस्सा असली, तर मी त्यांना इटली सुचवते. नेपल्सला सान ग्रेगोरियो आर्मेनो या गल्लीत गोठ्याच्या मूर्ती वर्षभर घडतात.

तयारीचे थोडेसे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. बर्लिनहून ड्रेस्डेन रेल्वेने साधारण दोन तासांवर, तर प्रागहून अडीच तासांवर आहे. बाजारात गरम वाईनच्या कपासाठी अनामत घेतात, कप परत केल्यावर ती मिळते. मुलांसाठी फळांच्या रसाचे बिनमद्याचे पेय मागा. कपड्यांत थंडीपेक्षा ओल अधिक लक्षात घ्या आणि बूट पाणी न झिरपणारे असू द्या. झाइफेनला रेल्वे जात नाही, ओल्बर्नहाऊहून बस घ्यावी लागते. बहुतेक जण तिथे सकाळी जाऊन दुपारच्या बसने परततात. तसे करू नका. शक्यतो शनिवार-रविवार सोडून एक रात्र गावातच मुक्काम करा आणि चारनंतर थोडे चढावर जाऊन उभे राहा. खाली खिडक्यांमधल्या कमानी एकेक करून उजळू लागतात, आणि वाटेत भेटणारा एखादा म्हातारा तुम्हाला खाणकामगारांचाच जुना नमस्कार करतो, "ग्ल्यूक आउफ". त्याला त्याच शब्दांत उत्तर द्या.