आषाढातला पगार

गावभर ज्याला ‘बापू’ म्हणतात त्याचं रेशन कार्डावरचं नाव वाचून ओळखच पटू नये, तसं या रेकॉर्डचं नाव आहे: ‘फ्रान्सिस ए. अँड एडवर्ड के.’ फ्रान्सिस म्हणजे अमेरिकेचा नामांकित गायक फ्रँक सिनात्रा, एडवर्ड म्हणजे तिथलाच जॅझ बँडचा म्होरक्या आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टन. अशी दोन माणसं एकत्र आली, तरी हिचं नाव फारसं कुणी काढत नाही. सिनात्राच्या काउंट बेसी या दुसऱ्या जॅझ बँडवाल्याबरोबरच्या रेकॉर्डी लोक आवडीनं ऐकतात, कारण त्या पाय हलवायला लावतात. ही लावत नाही. आठच गाणी, त्यातली बरीचशी संथ. एलिंग्टनचं स्वतःचं म्हणावं असं त्यात एकच, ‘आय लाइक द सनराइज’. ही तक्रार माझीही आहे.

ध्वनिमुद्रण झालं ११ आणि १२ डिसेंबर १९६७ला. १२ तारखेला सिनात्राचा ५२वा वाढदिवस होता. एलिंग्टन ६८ वर्षांचा. त्याचा जिवाभावाचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न त्याच वर्षी गेलेला.

‘इंडियन समर’मध्ये सिनात्रा गाता गाता थांबतो आणि एलिंग्टनच्या बँडमधल्या जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन पुढे येतो. हॉजेस सुरावरून सुरावर उडी मारत नाही, मींड घेत सावकाश सरकतो. परभणीत आमच्या गल्लीत लग्नाच्या बँडचे एक जुने मास्तर राहतात, क्लॅरनेटवाले. डीजे आल्यापासून बँड मोडला. त्यांना मी हे मोबाइलवर ऐकवलं. त्यांनी आधी कूलर बंद करायला लावला. परभणीत, मे महिन्यात!

“गाणाऱ्यानं जागा सोडली बघा,” मास्तर घाम पुसत म्हणाले. “न्हाईतर गाणारे कुठं सोडतेत! किती वर्षाचे संगं हायेत हे लोक?”

सांगितलं. हॉजेस एलिंग्टनकडे १९२८पासून, मधली चारेक वर्षं वेगळा झाला होता तेवढी सोडून. बॅरिटोन सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी १९२७ला आला, सतरा वर्षांचा पोरगा. १९७४मध्ये एलिंग्टन गेला तोवर तिथंच. दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक मोठा बँड मोडत गेला, पण एलिंग्टननं आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीचे पैसे घालून वादक बारमाही पगारावर ठेवले. गाण्यांची मांडणी बिली मे यांनी केली, आवाज सिनात्राचा, हे सगळं खरं; पण दोन दिवसांत त्याच्या पदरात पडलं ते या पगारावर पोसलेलं होतं. तासाच्या बोलीवर जमवलेल्या वादकांकडून, ते कितीही तयारीचे असोत, हे निघालं नसतं असं मला वाटतं.

मास्तरांचा ट्रम्पेटवाला आता मोंढ्यात हमाली करतो, ताशावाला ऑटो चालवतो. सॅक्सोफोन त्यांना लगेच पटला होता. हे मात्र काही केल्या पटेना.

“बारा महिने पगार?” त्यांनी दोनदा विचारलं. “आषाढात बी?”