काकूंना एकच हिरा हवा होता

लक्ष्मी रोडला, सोन्या मारुती चौकापासून जवळच आमचं खडे तपासायचं छोटं ऑफिस आहे. दिवाळीच्या सेलमध्ये रोज आठ-दहा जण बिल आणि डबी घेऊन येतात. प्रश्न एकच, "खरा आहे ना हो?" त्या मंगळवारी आलेल्या काकूंनीही तेच विचारलं.

काकूंनी 31 वर्षं नर्सची नोकरी केली. सतत हात धुवायचे, ग्लोव्हज चढवायचे, त्यामुळे ड्युटीवर बोटात अंगठी कधी घातलीच नाही. निवृत्तीचे पैसे आल्यावर आदल्या संध्याकाळी त्या एकट्याच जाऊन स्वतःसाठी अंगठी घेऊन आल्या होत्या. एक कॅरेटचा हिरा, हिऱ्यावर 40% सूट.

टेस्टरचं टोक टेकवलं, बीप वाजला. काकूंचा चेहरा खुलला. "थांबा हं काकू," मी म्हटलं. हा टेस्टर उष्णतेवर चालतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा त्याला वेगळा कळत नाही, कारण तोही हिराच असतो. हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइट नावाचा खडा असतो, त्यालाही तो बऱ्याचदा हिरा म्हणतो. म्हणून अंगठी नैसर्गिक हिरा वेगळा ओळखणाऱ्या दुसऱ्या मशीनमध्ये ठेवली. तिथेही पास. नैसर्गिक.

मग मोजायला गेज लावला आणि थबकले. काटा दहा मिलिमीटर दाखवत होता. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो; दहाचा असता तर साडेतीन-चार कॅरेटचा भरला असता. आयग्लास डोळ्याला लावली. मधे एक, भोवती सहा. इतके घट्ट बसवलेले की मधली फट साध्या डोळ्याला दिसत नव्हती. आमच्याकडे याला प्रेशर सेटिंग म्हणतात. बसवलेला हिरा काट्यावर तोलता येत नाही, व्यास आणि उंची मोजून हिशेब करावा लागतो. मधला 16 सेंट, बाजूचे 14-14. बेरीज बरोबर 100 सेंट, म्हणजे एक कॅरेट.

मी काकूंना आयग्लासमधून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "ताई, मला एकच हिरा हवा होता."

डबीतल्या कार्डावर इंग्रजीत, बारीक अक्षरात 'स्टोन्स 7' छापलेलं होतं. तोंडाने मात्र सेल्समन "एक कॅरेट, एक कॅरेट" म्हणत राहिला. सात मिळून होणारा एक कॅरेट आणि अख्खा एक कॅरेट यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. मला त्याचा फार राग आला. प्रेशर सेटिंग वाईट नाही, हौसेला ती छानच दिसते, पण घेणाऱ्याला ते सांगायला नको?

बिल वाचलं तर अजून एक गोष्ट निघाली. अंगठीचं वजन 4.620 ग्रॅम आणि सोन्याचे पैसेही 4.620 ग्रॅमचेच. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, तो वजा करून सोनं 4.420 ग्रॅमच धरायला हवं होतं. आत 750 चा, म्हणजे 75% सोन्याचा शिक्का होता. एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, ॲपवर टाकून पाहिला, जुळला. पण तो फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही.

"आणि ते 40%?" काकूंनी विचारलं. हिऱ्याला छापील किंमत नसते. सूट ज्या आकड्यावर दिली तो आकडा दुकानानेच ठरवलेला. सूट वजा झाल्यावर कॅरेटला काय भाव पडला तेवढाच विचारायचा आणि त्याच ग्रेडचा भाव अजून दोन दुकानांत विचारायचा.

बदलून घ्यायला तीन दिवसांची मुदत होती. बिलाच्या झेरॉक्सच्या मागे मी लिहून दिलं: खडे किती, कॅरेटला भाव काय, रंग आणि क्लॅरिटी (हिरा आतून किती स्वच्छ) यांची ग्रेड कोणत्या लॅबने दिली, सोन्याचं निव्वळ वजन किती. खाली आणखी एक ओळ लिहिली, 50 सेंटचा हट्ट नको. अर्ध्या कॅरेटला भाव एकदम वर चढतो. 47-48 सेंटचा हिरा बोटात तेवढाच दिसतो.

संध्याकाळी सहाला, मी शटर ओढायच्या बेतात असताना काकू परत आल्या. दुकानात दीड तास बसून, शेवटी मॅनेजरला बोलावून त्यांनी अंगठी बदलून घेतली होती. 47 सेंटचा एकच हिरा, चार नख्यांत, लॅबच्या रिपोर्टसकट. सोन्याचं वजनही या खेपेला नेट लावलेलं.

अंगठी मायक्रोस्कोपखाली आडवी धरली. हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर सापडायला जरा वेळ लागला. मग काकूंना खुर्चीवर बसवलं आणि मी रिपोर्ट हातात घेतला. त्या भिंगातून एकेक आकडा मोठ्याने वाचत गेल्या, मी कागदावर बोट फिरवत गेले. शेवटचा आकडा जुळला तशी त्यांनी अंगठी उचलली आणि बोटात घातली. डबी टेबलावरच राहिली, ती मला जिन्यापर्यंत नेऊन द्यावी लागली.