आईचा लंडन प्रवास आणि तासांचा हिशेब

ताईच्या बाळंतपणासाठी आईचं ऑक्टोबरचं लंडनचं तिकीट काढलं. आई बासष्ट वर्षांची, दोन वेळचं इन्सुलिन चालू, आणि विमानात पहिल्यांदाच बसणार. तिकिटावर मुंबई दुपारी १.३०, लंडन संध्याकाळी ६.३०. आई म्हणाली, "पाचच तास? पाच तासांत तर आपली एसटी पुण्याला जाती."

डॉक्टरांनी नेमकं विचारलं, "घरातून निघाल्यापासून लेकीच्या दारात पोचेपर्यंत एकूण तास किती? लिहून आणा, मग इंजेक्शनच्या वेळा ठरवू." त्या रात्री मी हिशेबाला बसलो.

आधी अंतर. सपाट नकाशा यात फसवतो, म्हणून मुलीचा पृथ्वीगोल घेतला आणि हाराचा दोरा. गोलाचा घेर भरला ६४ सेंटिमीटर, मुंबई ते लंडन ताणून धरलेला दोरा साडेअकरा. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. ताशी ९००च्या वेगानं आठ तास. पण तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं सगळं धरलेलं असतं. शिवाय दोऱ्यासारखं सरळ जाताही येत नाही. युक्रेनवरचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, वळसा पडतोच.

आता घड्याळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यानंतर साडेपाच. म्हणजे तिकिटावरचे पाच अधिक साडेचार, साडेनऊ तास. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं: रात्री ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११, म्हणजे साडेचौदा तास. त्यातून साडेपाच वजा केले की नऊ. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, येताना ते विमानाच्या पाठीशी असतात. जाण्याचा आणि येण्याचा फरक इथे आहे, हे डॉक्टरांनाही सांगितलं.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचं विमान आमच्या वेळेला जुळेना, म्हणून रेल्वेची महालक्ष्मी एक्स्प्रेस. सरळ रेषेत जेमतेम ३०० किलोमीटर, आणि दहा-अकरा तास. लंडनच्या विमानापेक्षा जास्त! आईचे पाय सुजतील याची काळजी मला विमानापेक्षा या रात्रीचीच होती.

रात्री आठला घर सोडायचं, ताईच्या दारात तिकडचे रात्री नऊ, म्हणजे आपले दीड. एकूण साडेएकोणतीस तास. डॉक्टरांनी इंजेक्शन आणि जेवण आपल्याच वेळेनं लिहून दिलं. मी वहीच्या कागदावर दोन रकाने आखले, 'आपली वेळ' आणि 'तिकडची वेळ', आणि आईला बजावलं, "ताईकडे पोचेपर्यंत मनगटावरच्या घड्याळाला हात लावायचा नाही." इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या रात्री फोन वाजला. "पोचले बाळा. इथं नऊ वाजलेत, माझ्या घड्याळात दीड. तू अजून जागाच हाईस व्हय?"