पापणीची कातडी: किती काढायची आणि किती ठेवायची

गेल्या दिवाळीत घरच्या सगळ्यांचा फोटो काढला, तेव्हा लेकीने विचारले, "आई, तू इतकी दमलेली का दिसतेस?" मी त्या दिवशी मुळीच दमलेली नव्हते. पण फोटो मोठा करून पाहिला आणि तिचे म्हणणे पटले. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन, बाहेरच्या कोपऱ्यांत तर पार पापण्यांच्या केसांवर टेकली होती. सकाळी घातलेले काजळ दुपारपर्यंत वरच्या घडीत का उमटते आणि संध्याकाळी वाचायला बसले की कपाळ का ठणकते, याचा उलगडाही मला त्याच सुमारास होऊ लागला. फेब्रुवारीत, वयाच्या ५८ व्या वर्षी, मी दोन्ही वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हापासून ओळखीच्या तिघीचौघींनी त्याबद्दल बारकाईने विचारले आहे. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळे एका जागी लिहून ठेवावे असे वाटले.

सर्वांत आधी समजून घेण्याची गोष्ट अशी की, "पापणी खाली आली आहे" या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात. कधी कातडी सैल झालेली असते, कधी पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचा पापणीला जोडणारा पडदा सैलावलेला असतो, आणि कधी भुवईच खाली घसरून कातडीला आपल्याबरोबर खाली ढकलत असते. आरशात तिन्ही सारखीच दिसतात, पण उपाय तिन्हींचे वेगळे आहेत. कित्येकांच्या बाबतीत दोन कारणे एकत्र असतात. म्हणूनच मी प्रथम ज्या दवाखान्यात गेले होते तिथे मन बसले नाही. तिथे डॉक्टरांची भेट होण्याआधीच समुपदेशक म्हणवणाऱ्या एका मुलीने वरच्या आणि खालच्या पापण्यांचा मिळून एक दर सांगितला आणि तारीख विचारली. माझ्या डोळ्यांना कोणी हातही लावला नव्हता. मी तारीख दिली नाही.

नंतर ज्या नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी पापण्यांच्या शस्त्रक्रियांचे, म्हणजे ऑक्युलोप्लास्टीचे, वेगळे प्रशिक्षण घेतलेले आहे. त्यांनी समोर बसून प्रथम म्हटले, "ताई, कपाळ सैल सोडा." मला ते जमेना. मी कपाळ सैल सोडले आहे असे मला वाटत होते, पण त्यांनी अंगठ्याने भुवई हलकेच दाबून धरली तेव्हा लक्षात आले की माझे कपाळ दिवसभर पापण्यांचा भार उचलत होते. संध्याकाळची डोकेदुखी तिथून येत होती आणि कपाळावरच्या आडव्या रेघाही. मग त्यांनी मला खाली आणि वर बघायला लावून छोट्या पट्टीने पापणी किती मिलिमीटर उचलली जाते ते मोजले. विजेरीच्या उजेडाचा ठिपका बाहुलीच्या मध्यावर पडतो, तिथून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते. माझे दोन्ही बाजूंना ४ भरले, म्हणजे स्नायू ठीक होता आणि कातडीच सैल होती. हे अंतर कमी भरले असते, तर नुसती कातडी काढून पापणी वर आली नसती. त्यासाठी तो स्नायूच आखडून घ्यावा लागतो, आणि ती शस्त्रक्रिया वेगळी आहे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. एकाच डोळ्याची पापणी अचानक पडली, त्यासोबत एकाची दोन चित्रे दिसू लागली, तीव्र डोकेदुखी सुरू झाली किंवा एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली, तर तो सौंदर्याचा प्रश्नच नव्हे. तेव्हा थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, कारण मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता असते. तसेच पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी जड असे रोज होत असेल, तर स्नायूंना थकवा आणणाऱ्या मायस्थेनिया या आजाराची तपासणी आधी व्हायला हवी.

भुवईचे प्रकरण मला सर्वांत नवे होते. कपाळाचा स्नायू पापण्यांना मदत करण्यासाठी भुवई वर खेचून धरत असतो. कातडी काढल्यावर त्या मदतीची गरज उरत नाही, स्नायू सैल पडतो आणि भुवई थोडी खाली येते. ज्यांची भुवई मुळातच खाली आहे, त्यांच्या बाबतीत हा फरक आधी ध्यानात घेतला नाही, तर शस्त्रक्रिया होऊनही डोळे जडच दिसतात. मग आणखी कातडी काढावीशी वाटते आणि भुवई पापणीच्या आणखी जवळ ओढली जाते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पापणीची कातडी ही शरीरातील सर्वांत पातळ कातडी आहे, तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. पण तिचे काम मोठे आहे. दर काही सेकंदांनी अश्रूंचा थर बुबुळावर पसरवणे आणि झोपेत डोळा पूर्ण झाकणे, हे तिच्याशिवाय होत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेत किती कातडी काढली यापेक्षा किती राखली हे महत्त्वाचे ठरते. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत सुमारे २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली पाहिजे, असा ढोबळ नियम शल्यविशारद पाळतात. कातडी थोडी जास्त राहिली, तर पुढे छोट्या शस्त्रक्रियेने ती काढता येते. मात्र जास्त काढली गेली, तर दुसरीकडची कातडी आणून जोडावी लागते, आणि ती पापणीच्या कातडीसारखी कधीच दिसत नाही. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात ही शस्त्रक्रिया करून घेतली. "आलेच आहे तर थोडी अजून काढा," असे त्यांनी स्वतःच सांगितले होते आणि तिथल्या डॉक्टरांनी ते ऐकले. झोपेत त्यांचे डोळे आजही पूर्ण मिटत नाहीत. सकाळी उठल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, उशाशी थेंबांची बाटली कायम असते. त्यांच्या त्या आठ वर्षांमुळे मी माझ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितले की, कमी काढली तरी माझी तक्रार नसेल.

कोरडेपणाची तपासणी याच कारणासाठी आधी करतात. टिपकागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटे ठेवतात आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते पाहतात. दहापेक्षा कमी आले, तर कोरडेपणाचा संशय येतो. माझ्या एका डोळ्याचे सात आले. पाळी थांबल्यानंतर बायकांमध्ये डोळ्यांचा कोरडेपणा वाढतो, शिवाय मी दिवसातले पाच-सहा तास संगणकासमोर असते. डॉक्टरांनी महिनाभर कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मला तेव्हा थोडा हिरमोड झाला, पण आता त्यांचे आभार मानावेसे वाटतात. ज्यांनी चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर उपचार घेतले आहेत, त्यांनी निदान सहा महिने थांबावे, असे सांगितले जाते. थायरॉइडमुळे डोळ्यांवर परिणाम झालेल्यांनी तो आजार कित्येक महिने स्थिर राहिल्याखेरीज पापणीला हात लावू देऊ नये.

या शस्त्रक्रियेच्या पूर्वपीठिकेत मला जी गोष्ट सापडली, तिने मी थक्क झाले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोप नावाच्या विकाराचे वर्णन आहे. त्यात पापण्यांचे केस आत वळून डोळ्याला टोचतात. त्यावर उपाय म्हणून भुवईच्या खालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग सोडून, मधून जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी आडवी काढावी आणि केसाने शिवावे, असे सांगितले आहे. हेतू रूपाचा नव्हता, दृष्टी वाचवण्याचा होता. पण किती कातडी सोडायची हे तिथे आधी सांगितले आहे आणि कापायचे नंतर, हे माझ्या मनात घर करून राहिले. पापणीच्या शस्त्रक्रियेसाठी आज वापरला जाणारा ब्लेफरोप्लास्टी हा शब्द जर्मन शल्यविशारद कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये वापरला, तोही पापणीची पुनर्रचना करण्याच्या संदर्भात.

औषधांबाबत मात्र कोणतीही गोष्ट लपवू नये. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे सांगायचीच, पण माशाच्या तेलाच्या गोळ्या, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल याही सांगायच्या, कारण त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. मी माशाच्या तेलाची गोळी "औषध" समजतच नव्हते, त्यामुळे पहिल्या यादीत ती राहून गेली होती. आणि हृदयासाठी चालू असलेले औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये. ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचे असते. रक्तदाब आटोक्यात हवा, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष दिवशी खुणा मला बसवून केल्या, कारण आडवे झाल्यावर कातडीची ठेवण बदलते. जांभळ्या पेनाने रेघा काढायला त्यांनी जवळजवळ वीस मिनिटे घेतली, चिमट्याने कातडी धरून मला पुन्हा पुन्हा डोळे मिटायला सांगितले आणि पापणी उघडी राहत नाही याची प्रत्येक वेळी खात्री केली. भूल फक्त पापणीपुरती होती. सुईचे टोचणे तेवढे झोंबले, नंतर ओढल्याची जाणीव होती, दुखणे नव्हते. रक्तवाहिन्या बंद करताना येणारा किंचित जळका वास मात्र कोणी आधी सांगितला नव्हता, त्याने मी घाबरले. तासाभरात सगळे आटोपले आणि दुपारी मी घरी आले.

पहिल्या रात्री घरात कोणीतरी हवेच. फार क्वचित, हजारो शस्त्रक्रियांमध्ये एखाद्या वेळी, डोळ्याच्या मागे रक्त साचते आणि दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब येतो. डोळ्यात असह्य ठणका, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, पापणी दगडासारखी कडक होणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नसते, कारण दृष्टी वाचवण्याचा अवधी तासांत मोजला जातो. म्हणूनच डोळे पट्टीने बांधून ठेवले नव्हते. माझ्या पतींनी समोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगले आणि झोपेपर्यंत दर तासाला एकेक डोळा झाकून मी मोठे आकडे वाचून दाखवले.

पुढचे दिवस कंटाळ्याचे होते, त्रासाचे नव्हते. दोन दिवस थंड पट्ट्या, दोन उशा घेऊन झोपणे, वाकून काही न उचलणे. टाके सातव्या दिवशी निघाले. काळे-निळेपण पिवळे होत होत दोन आठवड्यांत गेले. काजळ तीन आठवडे बंद होते. व्रण घडीत लपतो, पण त्याची लाली दोन-तीन महिने राहते, तेव्हा उन्हापासून जपावे. डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि कडेच्या सुरकुत्या होत्या तशाच आहेत, कारण या शस्त्रक्रियेचा त्यांच्याशी संबंध नाही.

पैशांचे थोडक्यात सांगते. केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. कातडीमुळे वरचे दिसणे अडत असेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी आधी पापण्या तशाच ठेवून आणि मग चिकटपट्टीने वर उचलून करतात, आणि दोन्हींतला फरक हा वैद्यकीय गरजेचा पुरावा ठरू शकतो. माझा फरक नगण्य आला. डॉक्टरांनी कागदावर सरळ "सौंदर्यासाठी" असेच लिहिले आणि मी खर्च स्वतः केला. डॉक्टर निवडताना ते नेत्रतज्ज्ञ असून पापण्यांच्या शस्त्रक्रियेत प्रशिक्षित आहेत की प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. (शस्त्रक्रियेतील अतिविशेष पदवी) आहेत ते विचारावे, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची त्यांची नोंदणी पडताळून पाहावी. विचारल्याचा राग येणारे डॉक्टर मी तरी निवडले नसते.

सूज असेपर्यंत झोपेत डोळा किंचित उघडा राहू शकतो, म्हणून रात्री मलम घालायला सांगितले होते. आपण झोपलो असताना डोळे मिटतात की नाही हे आपल्याला कळणार कसे? ती जबाबदारी लेकीने घेतली. रात्री बाराच्या सुमारास ती मोबाईलचा उजेड बोटांआड धरून माझ्या उशाशी येई आणि सकाळी सांगे, "उजवा मिटला होता, डाव्याला बारीक फट होती." जाऊबाईंची आठवण येऊन मी रोज तिच्या तोंडाकडे बघत असे. अठराव्या सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "आई, काल दोन्ही मिटले होते. मी दोनदा येऊन बघितले."