पर्यायांची यादी आणि बडोद्याचे रस्ते

नवी पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार मागवायचे एकदा ठरले की गाडीच्या किमतीचा विषय मागे पडतो आणि पर्यायांचा सुरू होतो. रंग, चाके, ब्रेक, आसने, शिवणीच्या दोऱ्याचा रंग, सीटबेल्टचा रंग, इतकेच काय, चावीचा रंग, असे एकेक पान उघडत जाते आणि प्रत्येक ओळीपुढे एक रक्कम लिहिलेली असते. गेले काही महिने मी हीच यादी समोर घेऊन बसलो आहे. मकरपुऱ्यातील कारखान्यात आधी वडिलांनी आणि नंतर मी घातलेल्या वर्षांच्या कमाईतून ही गाडी येत आहे, त्यामुळे तिच्यातील एकही गोष्ट केवळ यादीत होती म्हणून घेतली, असे व्हायला नको, हा माझा आग्रह आहे. त्यासाठी मी एक कसोटी धरली आहे. जे पोर्शेच्या कारखान्यातूनच यावे लागते, नंतर कोणालाही नीट बसवता येत नाही, आणि बडोद्यात रोजच्या वापरात उपयोगी पडते, त्यालाच पैसे द्यायचे.

ही कसोटी इतकी काटेकोर का, याचे उत्तर आयात शुल्कात आहे. ९११ जर्मनीत श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेन येथील कारखान्यात पूर्ण बांधली जाऊन येते. ४० हजार डॉलरच्या वर किंमत असलेल्या अशा तयार गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत अधिभार, असे मिळून ११० टक्के शुल्क बसते, आणि त्या सगळ्या बेरजेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो. कारखान्यात बसवलेला पर्याय गाडीच्याच मूल्यात धरला जात असल्याने त्यालाही हाच हिशेब लागू होतो. बंदरावर १ लाख रुपये मूल्य धरलेला पर्याय शुल्कानंतर २ लाख १० हजारांचा आणि जीएसटीनंतर २ लाख ९४ हजारांचा होतो. विक्रेत्याचा नफा, नोंदणीचा कर आणि विमा त्यानंतर आले. आपल्याकडच्या यादीत दिसणारा आकडा जर्मनीतल्या आकड्यापेक्षा इतका मोठा का, हे यावरून कळते. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर, घेतो, पण तो प्राप्तिकरात वळता होतो, म्हणून मी तो खर्चात धरत नाही. उलट रंगावरची संरक्षक फिल्म, म्हणजे पीपीएफ, इथे भारतात लावून घेतली तर तिच्यावर आयात शुल्काचा हा डोंगर चढत नाही. म्हणून इथे चांगले होऊ शकणारे काम इथेच करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कसोटीवर सगळ्यांत आधी उतरतो तो पुढचा आस उचलणारा पर्याय, ज्याला सगळे जण फ्रंट लिफ्ट म्हणतात. बटण दाबले की गाडीचे नाक सुमारे ४० मिलिमीटर वर येते, आणि जिथे ते उचलले ती जागा गाडी उपग्रहाच्या साह्याने लक्षात ठेवून पुढच्या वेळी स्वतःहून उचलू शकते. ज्याने बडोद्यात गाडी चालवली आहे त्याला ४० मिलिमीटरची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे त्याचा चढ अगदी सौम्य असतो आणि खाली बसलेली गाडीही तो तिरकी न करता ओलांडू शकते. प्रत्यक्षात सोसायट्यांच्या फाटकांपुढे लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक जेमतेम हातभर रुंद असतात आणि त्यांची उंची ठेकेदाराच्या मनावर असते. अलकापुरीतील आमच्या इमारतीच्या तळघराचा उतार जिथे सपाट होतो तिथे तर साध्या सेडानचेही बंपर घासतात. हाच प्रश्न रावपुऱ्यात मामांच्या घराच्या गल्लीत, गटाराच्या झाकणाशी येतो. या तिन्ही जागा गाडीला एकदा शिकवून ठेवता येतात. हायड्रॉलिकची ही सगळी रचना नंतर बाहेरून बसवणे शक्य असले तरी कारखान्याच्या हमीसह ते होत नाही. त्यामुळे पैसे कमी पडले तर मी रंगावरचा खर्च कमी करीन, पण ही एक गोष्ट सोडणार नाही.

चाकांच्या बाबतीत मी विक्री सल्लागाराच्या सल्ल्याविरुद्ध गेलो आहे. साध्या कॅरेरामध्ये, म्हणजे ९११ च्या मूळ आवृत्तीत, कारखान्याचे मूळ माप पुढे १९ इंच आणि मागे २० इंच आहे. अधिक पैसे देऊन २० आणि २१ इंचांची चाके घेता येतात, आणि ती दिसतात फार देखणी, यात शंका नाही. पण पुढचा टायर २३५/४० चा (रुंदी मिलिमीटरमध्ये आणि भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत) २४५/३५ झाला की रबराची भिंत ९४ मिलिमीटरवरून ८६ वर येते, आणि मागचा २९५/३५ चा ३०५/३० झाला की १०३ वरून साधारण ९२ वर. पावसाळ्यानंतर फतेगंज आणि कारेलीबागेच्या रस्त्यांवरचे खड्डे पाण्याखाली झाकलेले असतात, तेव्हा रिम वाकणार की वाचणार हे याच सेंटीमीटरभर रबरावर ठरते. शिवाय ९११ मध्ये जादा चाक येत नाही, फक्त टायरमध्ये भरायचे द्रव आणि हवेचा पंप येतो, आणि टायरची भिंतच फाटली तर त्या द्रवाचा काही उपयोग होत नाही. मी लहान चाके घेतली आहेत आणि त्याबद्दल मला समाधान आहे.

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक वेगळी पण जवळची गोष्ट सांगायला हवी. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराच्या कितीतरी वस्त्यांमध्ये तळघरांतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. फ्रंट लिफ्टने किंवा कोणत्याही पर्यायाने यातून गाडी वाचत नाही. तिथे उपयोग होतो तो विम्याचा. इंजिनात पाणी शिरल्यास संरक्षण देणारे आणि गाडी पूर्ण निकामी झाल्यास बीजकाइतकी रक्कम देणारे, अशी दोन्ही जोड कलमे घ्यावीत, आणि सगळे पर्याय त्या बीजकावर गाडीच्या किमतीत धरलेले आहेत का ते पाहावे. लाखो रुपयांचे पर्याय विम्याच्या रकमेबाहेर राहिले तर पुढे भांडत बसण्याची वेळ येते.

उन्हाचा विचार मात्र यादी भरतानाच करावा लागतो. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, आणि काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उपाय उरतो तो नियमात बसणाऱ्या, उष्णता अडवणाऱ्या काचेचा, आणि ती कारखान्यातूनच यावी लागते. आसनांमधून हवा खेळवणारी वायुवीजनाची सोयही त्याच कारणासाठी मी घेतली. आसनांवर मी पैसे मोकळ्या हाताने घातले आहेत, कारण गाडी चालवताना शरीराचा सतत संबंध येतो तो आसनाशी आणि सुकाणू चाकाशी. कार्बनची बकेट आसने छायाचित्रात शोभतात, पण त्यांच्या बाजूचे उंचवटे ओलांडून आत शिरणे आईसाठी त्रासाचे होईल. शोरूममध्ये आईने बाजूला उभे राहून विचारले, “अरे, हात कुठे टेकवायचा?” आणि तिथेच तो विषय संपला. उंची, मांडीचा आधार आणि कंबर यांसकट अठरा दिशांनी हलणारे आसन मी निवडले. २०२४ च्या सुधारित ९११ कूपेमध्ये, म्हणजे बंद छपराच्या दोन दारी गाडीत, कंपनी मुळात दोनच आसने देते आणि मागची दोन छोटी आसने मागितल्यास जादा पैसे न घेता बसवते. ती मी मागून घेतली आहेत. त्यांवर मोठा माणूस बसणार नाही हे खरे, पण भाचीला महाराजा सयाजीराव विद्यापीठात सोडताना तिची पिशवी आणि पाठीवरची बॅग ठेवायला ती हवीतच, आणि काही वर्षांनी गाडी विकताना मुले असलेले कुटुंब त्यांच्यासाठीच ती घेईल.

आतल्या चामड्याचा रंग ठरवताना अनेक जण फिकट रंगाकडे वळतात, कारण गडद चामडे तापते असे त्यांना वाटते. आसनांपुरते ते मान्य करता येईल, जरी जीन्सचा निळा रंग फिकट चामड्यावर उतरतो आणि सहज जात नाही. डॅशबोर्डचा वरचा भाग मात्र गडदच हवा. तो फिकट असेल तर दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडते आणि रस्त्यावर नजर स्थिर राहत नाही. सुरक्षिततेशी इतका थेट संबंध असलेली गोष्ट यादीत केवळ सजावट म्हणून मांडलेली असते, हे मला खटकते.

बाहेरच्या रंगावर आमच्या घरात सर्वाधिक चर्चा झाली. माझा कल जेन्शियन ब्लू या निळ्याकडे होता, पत्नीचा जीटी सिल्व्हरकडे. फाइन आर्ट्समधून शिकलेल्या एका मित्राने सांगितले ते मला पटले: पडद्यावर रंग ठरवू नये, आणि शोरूमच्या दिव्यांखालीही ठरवू नये, रंगाचा खरा नमुना हातात घेऊन तो सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला, तीन वेळा उघड्यावर पाहावा. आम्ही नमुने मागवून कमाटी बागेत नेले. निळा रंग भर उन्हात जिवंत होत होता, सावलीत मात्र जवळजवळ काळा दिसत होता. चंदेरी रंग तिन्ही वेळी नमुन्याच्या आकाराची वळणे नीट दाखवत होता आणि धूळही त्यावर कमी दिसत होती. आम्ही चंदेरी रंग घेतला. यादीबाहेरचा, आपल्या मनातला कोणताही रंग कंपनीकडून करवून घेण्याची सोय आहे, पण त्याला लागणारा जादा पैसा आणि वेळ पाहता ज्याच्या मनात एखादा विशिष्ट रंग खरोखर वर्षानुवर्षे घर करून आहे त्यानेच त्या वाटेला जावे.

सिरॅमिक ब्रेकबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे, कारण तबकडी आवळणाऱ्या त्यांच्या पिवळ्या कॅलिपरमुळे ते प्रतिष्ठेचे चिन्ह झाले आहेत. त्यांच्या तबकड्या लोखंडी तबकड्यांच्या साधारण निम्म्या वजनाच्या असतात, त्या वारंवार जोरात दाबल्या तरी दमत नाहीत आणि चाकांवर काजळी फारशी येत नाही, हे सगळे गुण खरे आहेत. पण ते गुण दिसतात ते शर्यतीच्या मार्गावर. बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला आहे, मद्रासचा आणि कोइम्बतूरचा मार्ग त्याहून दूर. माझी गाडी बहुतेक वेळ अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर आणि पावागडच्या रस्त्यावर धावणार. त्यात चाक काढताना निष्काळजीपणे धक्का लागला तर सिरॅमिक तबकडीची कड उडते आणि नवीन तबकडीची किंमत ऐकवत नाही. लोखंडी ब्रेक या रस्त्यांसाठी पुरून उरतात.

स्पोर्ट एग्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा आवाज खुलवणारी धुराची नळी, मात्र मी कारखान्यातून घेतला. बाहेरून बसवून स्वस्तात होईल असे सुचवणारे पुष्कळ भेटले, पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांप्रमाणे निर्मात्याच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल करता येत नाही. कारखान्याचा एग्झॉस्ट प्रमाणित असतो, आणि बटणाने शांतही करता येतो, जे सकाळी लवकर निघताना शेजाऱ्यांसाठी आवश्यक आहे. स्पोर्ट क्रोनो पॅकेज, म्हणजे जोरात गाडी चालवण्यासाठीच्या जादा सोयींचा संच, हेही त्याच कारणाने घेतले. त्यातली यंत्रणा नंतर जोडत बसण्यात अर्थ नाही. महागडी ध्वनियंत्रणा, रंगीत सीटबेल्ट, चामड्यात मढवलेल्या हवेच्या जाळ्या आणि दाराच्या उंबऱ्यावर उजळणारे नाव यांवर मी दोन मिनिटेही घालवली नाहीत.

मागणी पक्की होण्यापूर्वी एक दिवस अवश्य राखून ठेवावा. छापील पत्रकावरील प्रत्येक पर्यायाचा कोड आणि आपल्या निवडीची यादी ओळीने जुळवावी, कारण कारखान्याकडे जाते ती कोडची यादी, तोंडी सांगितलेल्या गोष्टी नाहीत. जर्मनीच्या यादीतील काही पर्याय भारतीय यादीत नसतात, तेव्हा परदेशी चित्रफितीत पाहिलेली वस्तू गृहीत धरू नये. कोणती वस्तू कारखान्यातून येणार आणि कोणती विक्रेता इथे बसवणार, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. आणि गाडी हातात येईल त्या दिवशीची किंमत व कर लागू होणार असतील, तर तसे त्याच पत्रकावर नमूद आहे का ते वाचून मगच सही करावी.