अ‍ॅक्रॉइड: सासरच्या आडनावाचा माग

माझं माहेरचं आडनाव पिंपळकर. गाव कुठलं, ते विचारावं लागत नाही. लग्नानंतर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सला आले, तेव्हा ‘अ‍ॅक्रॉइड’मागेही असंच एखादं झाड उभं असेल, असं वाटलं नव्हतं. जुन्या इंग्रजीत ‘आक’ म्हणजे ओक आणि ‘रॉड’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जमीन. त्याचंच इथलं रूप ‘रॉइड’. इथल्या कॅल्डर नदीच्या खोऱ्यात असे ‘रॉइड’ जागोजागी आहेत. हॉलरॉइड, मरगॅट्रॉइड ही आडनावं त्यांतलीच.

सासऱ्यांना ठाम वाटायचं, की आपण गिरणीमालक एडवर्ड अ‍ॅक्रॉइड यांच्या घराण्यातले. कामगारांसाठी अ‍ॅक्रॉइडन ही वसाहत उभारणारे ते हेच. “तेवढं एकदा शोधून दे,” म्हणाले.

सासऱ्यांच्या आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यापासून सुरुवात केली. इथे सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. लग्नाच्या दाखल्यावर वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो, त्यामुळे एकेक पिढी मागे जाता येतं. आयांची नावं मात्र २०२१ पर्यंत लिहीतच नव्हते. याचा मला अजून राग येतो.

१८५१ च्या जनगणनेपर्यंत सरळ पोचले, कारण तीत जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, लिहिलेला असतो. १८४१ च्या जनगणनेत माणूस हरवला. दोन महिने गेले. मग कळलं, त्या वर्षी पंधराच्या पुढची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली होती: अठ्ठावीसचा माणूस पंचवीसचा! शिवाय कारकून कानाला येईल तसं लिहायचा. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सी असलेलं, सी नसलेलं, वाय घातलेलं, ई ने सुरू होणारं, सगळं शोधावं लागतं. ई वालं रूप लँकेशायरकडे भेटतं. वाय वालं कॅनडाचे अभिनेते डॅन अ‍ॅक्रॉइड यांच्यामुळे जगाला माहीत आहे.

मध्येच एक तयार वंशावळ विकत घेतली. तिने आम्हाला थेट गिरणीमालकांशी जोडलं, पण तीत मुलाचा बाप्तिस्मा बापाच्या जन्माआधीचा होता. पैसे गेले. मूळ नोंदीचं पान पाहिल्याशिवाय कुणाचंही झाड उतरवून घेऊ नका.

१८१३ पासून चर्चच्या छापील बाप्तिस्मा नोंदवहीत वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं. आमचा माणूस तिथे सापडला: ओव्हेंडन, विणकर. त्याआधीच्या नोंदींत त्याच नावाचे तिघे आहेत, आणि आमचा कोणता ते ठरत नाही.

सासऱ्यांना सांगितलं, मालकांशी नातं कुठेच जुळलं नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “विणकर? गिरणीतलं काम की घरच्या मागावरचं?”