आठशे ग्रॅमचं बिऱ्हाड

माझ्या कॅमेऱ्याचं अख्खं बिऱ्हाड आठशे ग्रॅमही भरत नाही. ऑलिम्पसचा ई-एम१० मार्क टू बॅटरी आणि कार्ड धरून ३९० ग्रॅम. त्यावर कायम बसलेली १४-४२ची चपटी लेन्स (हे आकडे लेन्सच्या फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) ९३, माणसांच्या फोटोंसाठी ४५ची एफ १.८, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, ती ११६, आणि लांबचं जवळ आणायला ४०-१५०, ती १९०. बेरीज ७८९. आता बाजारात 'कॅमेरा बॅग' म्हणून जे मिळतं, त्यातल्या बऱ्याच बॅगा रिकाम्याच किलोच्या आसपास असतात. नवरदेवापेक्षा घोडा जड. छोटा कॅमेरा घ्यायचा तो हलकं फिरता यावं म्हणून, आणि वर फोमचं पोतं खांद्याला लावायचं, हे मला काही केल्या पटेना. मग श्रावणातला एक शनिवार बघितला, पर्समध्ये शिवणाचा टेप टाकला आणि डोंबिवलीहून निघाले. कॅमेरा बरोबर होताच, जुन्या ओढणीत गुंडाळून.

बॅगेचा खरा अभ्यास दुकानात शिरायच्या आधीच झाला, लेडीज सेकंड क्लासमध्ये. नऊनंतरच्या फास्टला बसायला मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दोन सीटच्या मधे उभी राहून नुसत्या बॅगा बघत होते. रोज प्रवास करणाऱ्या बायकांना याबाबत काही शिकवायला जाऊ नये. पट्टा आखूड, बॅग बरगड्यांवर, चेनचं तोंड अंगाच्या बाजूला आणि रनर पुढच्या टोकाला, म्हणजे एक हात वरच्या कडीला असताना दुसऱ्या हाताचा अंगठा सहज पोहोचतो. डबा वेगळ्या पिशवीत. पाठीवरची सॅक एक तर पुढे घेतलेली, नाही तर रॅकवर. रॅकवरची बॅग उतरायच्या वेळी चार जणींच्या हातातून डोक्यांवरून येते. तिच्यात जेवणाचा डबा असला तर काही नाही, लेन्स असली तर जीव टांगणीला. तेव्हा एक ठरलं, माझी बॅग रॅकवर जाणार नाही, अंगावरच राहील. आणि अंगावर राहायची तर माझ्या पोटाच्या आणि पुढचीच्या पाठीच्या मधे मावायला हवी. लांबी थोडी जास्त चालेल, उंचीही चालेल, पण जाडी वीतभर झाली की घाटकोपरला शिव्या खायच्या. बाहेरून बारा सेंटीमीटर, ही माझी कमाल मर्यादा.

शेजारच्या काकूंनी मी टक लावून बघतेय हे हेरलं. "नवीन घ्यायचीय का?" म्हणाल्या. मी सांगितलं कॅमेऱ्यासाठी हवीय. "मोठी नको घेऊस. मोठी घेतली की भरली जाते, मग रात्री खांदा धरतो." या विषयावर यापेक्षा जास्त मला नंतर कुठल्याच विक्रेत्याने सांगितलं नाही.

सीएसएमटीला उतरलं की कॅमेऱ्यांची दुकानं चालत पाच-दहा मिनिटांवर. फोर्टच्या गल्ल्यांमध्ये, जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवर. पहिल्या दुकानात मी म्हटलं छोटी बॅग दाखवा, तर समोर आली ती डीएसएलआरची, म्हणजे आत आरसा असलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांची. "मॅडम, इसमें दो बॉडी आएगा." माझी एकच आहे म्हटलं. "तो आगे काम आएगा." आत बघितलं तर कप्पे इतके ऐसपैस की माझी ४५ त्यात सुपारीएवढी दिसत होती. सैल कप्प्यात लेन्स ठेवली की ती चालताना आपटत राहते, आणि फोम जाड असला तरी त्याचा उपयोग शून्य. याच्या उलट टोकाला त्याच दुकानात बेल्टला अडकवायचं पाऊच होतं, ज्यात कॅमेरा बसतो आणि दुसरं काही म्हणजे काही बसत नाही. मधलं कुणी बनवतच नाही असं वाटायला लागतं.

मधलं असतं, पण ते टेप लावूनच सापडतं. माझा कॅमेरा चपट्या लेन्ससकट उभा ठेवला तर साधारण १२ सेंटीमीटर लांब, ७ जाड आणि साडेआठ उंच. ४०-१५०चा व्यास साडेसहाच्या आत, उंची साडेआठ, टोपणं धरून नऊ-साडेनऊ. ४५ म्हणजे साडेपाच बाय साडेपाच. तिन्ही वस्तू एका ओळीत उभ्या, मधे दोन पातळ पडदे, म्हणजे आतून २५ लांब, ८-९ रुंद आणि ११-१२ खोल एवढीच जागा लागते. 'आतून' हा शब्द महत्त्वाचा. बॅगेच्या लेबलवर बहुतेकदा बाहेरचं माप असतं. दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर फोम धरला तर प्रत्येक मापातून दोन वजा, आणि नेमके तेवढेच दोन आपल्याला कमी पडतात. मी टेप काढल्यावर दुकानदार आधी हसला आणि मग स्वतःच माझ्यासाठी टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

खांद्यावरच्या कॅमेरा बॅगांची दोन घराणी मला आवडतात. एक डोमके. फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रातल्या जिम डोमके या छायाचित्रकाराने १९७०च्या दशकात कॅनव्हासची मऊ बॅग बनवली, फोम जवळजवळ नाहीच, अंगाला चिकटून राहते. दुसरं इंग्लंडचं बिलिंगहॅम, १९७३चं, जे आधी गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवायचे. फोटोग्राफर मंडळींनी त्याच पिशव्यांत कॅमेरे ठेवायला सुरुवात केली आणि कंपनीचा धंदाच बदलला. आपल्याकडे मासळीच्या पिशवीतून कॅमेरा नेला तर दादरपर्यंत डबा रिकामा होईल ते वेगळं. पण दोन्हींतली मूळ गोष्ट एकच आहे, बॅग आधी साधी पिशवी आहे, कॅमेरा नंतर. फोर्टमध्ये मला यातली एकही दिसली नाही, आणि दिसली असती तरी किंमत ऐकून मी नमस्कारच केला असता.

मुंबईत साध्या दिसण्याचा आणखी एक फायदा. छातीवर मोठं नाव असलेली काळी चौकोनी बॅग घेऊन कुठल्याही जुन्या इमारतीसमोर उभं राहा, कॅमेरा बाहेर यायच्या आधी वॉचमन बाहेर येतो. "शूटिंग आहे का? परमिशन?" कापडी झोळीवाल्या बाईकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे शेवटी फोर्टमध्ये मी बॅग घेतलीच नाही. घेतलं ते फक्त आतलं खोकं, म्हणजे पातळ फोमचा, वरून उघडा, आत वेल्क्रोचे पडदे असलेला इन्सर्ट. कुठल्याही पिशवीत ठेवला की ती पिशवी कॅमेरा बॅग होते. आतून पंचवीस बाय नऊ. कॅमेरा, लेन्सा, सगळं तिथल्या तिथे काउंटरवर बसवून बघितलं, उलटं करून हलवलं, आवाज आला नाही, पैसे दिले.

मग जे.जे. कला महाविद्यालयाच्या भिंतीच्या कडेने क्रॉफर्ड मार्केट. मंडईचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई होऊन किती वर्षं झाली, तोंडातून निघतं क्रॉफर्डच. १८६९ची इमारत, विल्यम इमर्सनची. दारावरचं शिल्प लॉकवूड किपलिंगचं, जो समोरच जे.जे.त शिकवायचा. शेतकरी, कामकरी माणसं कोरलेली आहेत, आणि खाली दिवसभर तशीच माणसं पाट्या घेऊन ये-जा करतात. शिल्प उंचावर, म्हणजे ४०-१५० लावायला हवी. आणि लेन्स बदलणं ही बॅगेची खरी परीक्षा. रस्त्याच्या कडेला, मागे हातगाडी, डाव्या हातात कॅमेरा उघडा पडलेला, सेन्सरवर धूळ जायची भीती, उजव्या हातात एक लेन्स आणि दुसरी अजून आत. अशा वेळी बॅगेचं तोंड आपोआप उघडं राहिलं पाहिजे आणि काढलेली लेन्स न बघता आत सोडता आली पाहिजे. दोन दोऱ्या, दोन बकलं आणि वर झाकण असं सगळं असेल तर बॅग कितीही देखणी असो, निकामी. तेव्हा माझ्याकडे नुसता इन्सर्ट होता, ओढणीने गळ्यात बांधलेला, आणि लाज सोडली तर तो अप्रतिम चालला. उघडं तोंड, पोटाशी टेबल. एका पाटीवाल्याने थांबून विचारलं, "काय विकताय?"

मागच्या गल्ल्यांमध्ये बॅगांची घाऊक दुकानं लागतात. तिथे कुणाला कॅमेऱ्याचं काही पडलेलं नाही, म्हणून मला तिथे जास्त मोकळं वाटलं. कापड बघायचं, शिवण बघायची. आतून अस्तराची शिवण जिथे पट्ट्याला मिळते तिथे आडवी-तिडवी टीप मारलेली आहे की नुसती एकच ओळ आहे, हे बोटाने चाचपायचं. पट्टा खरंतर बॅगेपेक्षा आधी तुटतो. चेन मागे-पुढे दहा वेळा ओढायची. वेल्क्रोचं झाकण मी ठरवून नाकारलं. लोहचुंबकाचं बटणही, कारण गर्दीत ते कुणाच्याही कोपराने उघडतं. शेवटी राखी-हिरवट कॅनव्हासची आडवी बॅग सापडली, आत पाण्याला दाद न देणारं अस्तर, वर एकच लांब चेन, मागे एक चपटा कप्पा. नाव नाही, गाव नाही. साडेचारशे सांगितले, तीनशेवीसला दिली. रनर जरा अडत होता. बाहेर फूटपाथवर छत्र्या आणि चेना दुरुस्त करणारे काका बसले होते. त्यांनी पक्कडीने जुना रनर काढला, नवा चढवला, मेणबत्ती चेनवर घासली आणि वीस रुपये घेतले. "पावसात दर महिन्याला मेण लावा," म्हणाले, "चेन कधी दगा नाही देणार."

पट्टा मात्र फार लांब होता. प्रिन्सेस स्ट्रीटवरून टॅक्सी केली ती थेट गिरगावात, मावशीकडे. तिने बॅग उलटीपालटी करून बघितली. "अगं, एवढ्याशा डब्याला एवढी नाटकं?"

"मावशी, तुझ्या मशीनवर दहा मिनिटांचं काम आहे."

"आधी जेव. अळूवड्या गार होतायत."

जेवण झाल्यावर तिने पट्टा कापला, टोक मेणबत्तीवर धरून उसवू नये म्हणून जाळून घेतलं, आणि मी न सांगता दोन गोष्टी केल्या. पट्टा खांद्यावर येतो तिथे जुन्या गोधडीची दुहेरी पट्टी शिवली, आणि आत अस्तराला जास्तीच्या बॅटरीपुरता बोटभर खिसा. "पैसे ठेव त्यात," म्हणाली. बॅटरी ठेवते म्हटलं तर हात जोडले.

संध्याकाळी बसने वालकेश्वर. बाणगंगेच्या तळ्याला खाली उतरेपर्यंत सर येऊन गेली होती, पायऱ्या निसरड्या, बदकं काठावर चढून पंख झाडत बसलेली. इतक्या जवळ समुद्र आणि तळ्याचं पाणी गोडं, हे मला दरवेळी नव्याने विचित्र वाटतं. एका देवळात आरती चालू होती. माझ्यापासून दोन पायऱ्यांवर एका मुलाने कॅमेरा काढायला बॅग उघडली आणि वेल्क्रोचा खर्रर्र आवाज तळ्याच्या चारी भिंतींवर आपटून परत आला. तीन आजोबांनी एकदम मान वळवली. मी मेण लावलेली चेन हळूच सरकवली आणि ४५ काढून पिंडाला कावळा शिवायची वाट बघणाऱ्या एका कुटुंबाकडे न वळता बदकांकडे वळवली. आवाज न करता कॅमेरा काढता येतो म्हणून तो कुठेही काढायचा असं नाही.

पुन्हा सर आली. मागचा कप्पा भिजला, अस्तराच्या आत थेंब नाही. पण बॅग कितीही चांगली असली तरी पावसाळ्यात रात्री कॅमेरा तिच्यात ठेवायचा नाही, हे मी कुणालाही दंडाला धरून सांगेन. फोम आणि कापड दमट हवा धरून ठेवतात, आत अंधार, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या आसपास. लेन्समधल्या बुरशीला आणखी काय हवं? ती आधी धाग्यांसारखी कडेला येते, मोबाइलचा टॉर्च मागून मारला की दिसते, आणि वाढली की काचेवरचा लेप खाते. घरी आल्यावर बॅग पंख्याखाली उघडी, आणि कॅमेरा-लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. चाळीस-पन्नास टक्के दमटपणा उत्तम, छोटा मीटर डब्यात टाकून ठेवला की कळतं. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते भाजून पुन्हा वापरता येतात. फक्त निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, तेव्हा पोळीच्या तव्यावर नको, जुनं भांडं वेगळं ठेवा.

परतताना चर्नी रोडहून दादर, आणि दादरच्या पुलावर शनिवार संध्याकाळची ती गर्दी. बॅग बरगड्यांवर, हात वरून. खोकं आडवं असल्याने कोपर टेकायला जागा झाली, हा अनपेक्षित फायदा. सगळं धरून वजन सव्वा किलोच्या आत, पाण्याच्या बाटलीशिवाय.

छत्रीची सोय मात्र नाहीच. ओली छत्री या बॅगेत मी ठेवणार नाही, त्यामुळे पाऊस आहे तोवर हातात एक कापडी पिशवी आलीच. पाऊस ओसरला की घारापुरीला जायचं आहे. तिथे लेण्यांत अंधार, ४०-१५० घरी राहील आणि तिच्या जागी बाटली बसेल, पडदा सरकवला की झालं. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं बघून तारीख ठरवायची आहे.